एलेनाचा पार्ट

सोयाबीन निघायला लागलं की मालेगावपासून मेडशीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना थ्रेशर सुरू होतात आणि त्यांचा बारीक भुसा एसटीच्या खिडकीतून आत येऊन केसांत, भुवयांत, डब्याच्या झाकणावर बसतो. मी रोज याच रस्त्याने शाळेत जाते, मेडशीला शिकवते. बाकीचे प्रवासी खिडक्या ओढून घेतात, खोकतात, ड्रायव्हरला नावं ठेवतात. मी माझी खिडकी उघडी ठेवते आणि शेजारी बसलेल्या बाईचा राग ओढवून घेते. या वासाने मला सहा वर्षांपूर्वीचा एक हंगाम आठवतो. असं काही आठवलं की हुरहुर लागते असं लिहायची पद्धत आहे. मला हुरहुर वगैरे लागत नाही. मला जळायला होतं, अगदी साधं, सरळ जळणं.

त्या वर्षी दसऱ्यापासून संक्रांतीच्या सुमाराला तुरी सोंगेपर्यंत वाशिमला स्पॅनिशचा क्लास चालला. आज सांगितलं तर कोणी खरं मानत नाही. एवढ्याशा गावात स्पॅनिश कुठून आलं, तर बदलीवर आलं. मॅडमचे यजमान बँकेत होते, त्यांची पुण्याहून इकडे बदली झाली, आणि पुण्यात दहा वर्षं स्पॅनिश शिकवलेल्या मॅडम वाशिमच्या भाड्याच्या घरात दोन महिन्यांत कंटाळून गेल्या. मग त्यांनी एका अभ्यासिकेच्या माळ्यावरची अर्धी खोली घेतली आणि दारावर कागद चिकटवला. पुण्याच्या कंपन्यांत स्पॅनिश येणाऱ्यांना पटकन काम मिळतं, असं त्यावर लिहिलं होतं. आम्ही आठ जण जमलो. रिठदला आमच्या घरी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "स्पेनले जाऊन का सोयाबीन पेरतं व तू?" आईने मात्र एवढंच म्हटलं, "शिकू दे तिले. घरात बसून भिताडाकडं पाह्यत राह्यते, त्याच्यापेक्षा बरं."

आई असं का म्हणाली ते पुढे येईलच. आधी खोलीबद्दल. अर्ध्या खोलीत आम्ही आणि प्लायवूडच्या पलीकडे अभ्यासिका. तिथे तलाठी भरतीची आणि पोलिस भरतीची मुलं सकाळपासून पुस्तकात डोकं घालून बसलेली. भिंतीवर "शांतता राखा" अशी मोठी पाटी. आणि मॅडमची शिकवायची पद्धत तर अशी, की व्याकरण नंतर, आधी प्रसंग करा. त्या स्पॅनिश कादंबऱ्यांतली दोन-दोन, तीन-तीन पानं झेरॉक्स करून आणायच्या, पार्ट वाटून द्यायच्या आणि म्हणायच्या, "अगं, भाषा कळायची असेल तर त्या भाषेत भांडून बघ." आम्ही भांडायचो. पण आवाज जरा चढला की प्लायवूडवर पलीकडून थाप पडायची. त्यामुळे त्या हंगामात आम्ही सगळं काही कुजबुजत केलं. कुजबुजत खून केले, कुजबुजत घरातून पळून गेलो, एकदा तर अख्खी बोट कुजबुजत बुडवली. झेरॉक्सला मुखपृष्ठ नसायचं, पुढची पानंही नसायची. कुठल्या कादंबरीचा शेवट काय झाला ते आम्हाला आजतागायत माहीत नाही.

नसीम माझी रूममेट. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून आम्ही वाशिमला एका खोलीत राहत होतो, एका स्टोव्हवर स्वयंपाक करत होतो, एकमेकींचे दुपट्टे वापरत होतो. ती मंगरूळपीरची. तिच्या अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. क्लासला आम्ही बरोबरच नाव घातलं, खरं तर मीच तिला ओढून नेलं. "मले काहून नेतं? मायं इंग्रजीच धड नाही," असं ती रस्ताभर म्हणत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

कारण पहिल्याच आठवड्यात काय झालं, तर ख आला. स्पॅनिशमध्ये घशातून, खरवडून काढायचा एक ख आहे. आपल्या खटाऱ्यातला, खिचडीतला ख तिथे चालत नाही. आम्ही सगळे घसा साफ करत बसलो. नसीमने पहिल्या फटक्यात काढला, कारण तो तिच्या घरात होताच. ख़ुदा, ख़बर, ख़ैरियत म्हणत ती लहानाची मोठी झाली होती. तिला तो फुकट मिळाला होता. मॅडम एकदम थांबल्या, म्हणाल्या, "पुन्हा म्हण." नसीमने पुन्हा म्हटलं. "सगळ्यांनी नसीमचं ऐका," मॅडम म्हणाल्या. मी रात्रंदिवस मेहनत करणारी मुलगी. शब्दांच्या वह्या माझ्या, क्रियापदांचे तक्ते माझे. मी न्हाणीत पाण्याचा घोट घेऊन गुळण्या करत तो ख घोटला आणि आठ दिवसांत माझा घसा बसला. नसीमनेच मला हळदीचं दूध करून दिलं. ते मी रागाने प्यायले.

मॅडम दर सोमवारी पार्टांची यादी दारावर लावायच्या, हिरव्या शाईत. त्या यादीत मी काय काय झाले ते आजही पाठ आहे. मोलकरीण. पाद्र्याची बहीण. बाजारातली दुसरी बाई. एकदा तर मला नुसतं दार वाजवायचं काम होतं. मी प्लायवूडवर टकटक केलं तर पलीकडच्या मुलांना वाटलं आम्हीच त्यांची तक्रार करतोय, त्यांनी उलट दुप्पट जोरात वाजवलं आणि प्रसंग तिथेच बुडाला. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, पण दात दाखवण्यापुरतं. नसीम मात्र कधी सराईची मालकीण, कधी नवऱ्याला सोडून जाणारी बाई, कधी आंधळी आजी. तिची वाक्यं चुकायची. क्रियापद एकीकडे, काळ दुसरीकडे. मॅडम ते पेन्सिलीने हळूच दुरुस्त करायच्या आणि म्हणायच्या, "पण माणूस दिसलं ना?" मला वाटायचं, माझं एकही क्रियापद चुकत नाही, मग माझ्यात माणूस का दिसत नाही?

आता आई तसं का म्हणाली ते. त्याच वर्षी पोळ्याच्या पाठोपाठ माझे बाबा गेले. रिठदच्या शाळेत ते शिपाई होते, घंटा त्यांच्याकडे होती. दुपारची सुट्टी झाली, त्यांनी घंटा दिली, व्हरांड्यात बसले आणि उठले नाहीत. मी वाशिमहून पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. नसीम माझ्यासोबत आली होती. आमच्याकडे बाया नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. माणसाला हाक मारून, त्याच्याशी भांडत, त्याने आणलेल्या लुगड्यापासून त्याने न खाल्लेल्या भाकरीपर्यंत सगळं सांगत हेल काढतात. आई तशी रडत होती. आत्या रडत होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, की आता लेक आली, आता ही टाहो फोडणार.

मला रडू आलं नाही. मी आत गेले. चहासाठी आळीतून ग्लास गोळा करून आणले होते, घमेलंभर. मी खाली बसले आणि एकेक ग्लास उलटा करून त्याच्या बुडावर कोरलेलं नाव वाचायला लागले. हे कांबळ्यांचे, हे सरकटे मास्तरांचे, हे लग्नात आलेले, हे कुणाचे कोण जाणे. घरवार ओळी लावल्या. बाहेर बाबांना न्यायची तयारी चालली होती आणि मी एक ग्लास दोन्ही हातांत धरून, त्यावरचं पुसट नाव वाचता येत नाही म्हणून उजेडाकडे तोंड करून बसले होते. आत्या येऊन म्हणाली, "पोरी, रड व, रडून मोकळी हो." मी म्हटलं, "हा गिलास कोणाचा हाय?" गावाने ते वाक्य पुढे महिनाभर चघळलं. नसीम दारात उभी राहून सगळं बघत होती. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली.

म्हणून दिवाळीनंतर जेव्हा एलेनाची पानं आली, तेव्हा ती माझीच आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. समुद्रकाठचं गाव. एलेना नावाची थोरली लेक. बाप बोटीवर गेलेला. एक माणूस बापाची टोपी घेऊन दारात येतो, आणि एलेना ती टोपी बघूनही त्याला सांगत राहते की माझे वडील गुरुवारी परत येणार आहेत. "मी पाद्रे वुएल्वे एल खुएवेस." हेच वाक्य तीनदा येतं. मग टोपी हातात घेते आणि फुटते. मी ती पानं खोलीवर आणली, नसीम भाकरी टाकत असताना दोनदा मोठ्याने वाचली आणि म्हटलं, "हा पार्ट मले भेटला पाह्यजे." नसीम तव्याकडे बघत म्हणाली, "तुले जमन काय पण ते?" मला वाटलं, ही माझ्या स्पॅनिशवर शंका घेते आहे.

मला त्या पार्टात मार्क नको होते, कौतुकसुद्धा नंतरचं. मला रडायचं होतं. रिठदला जे आलं नाही ते इथे, परक्या भाषेत, परक्या बापासाठी तरी येईल असं मला वाटत होतं. मी आईसारखी, आत्यासारखी हेल काढणार होते, स्पॅनिशमध्ये. त्यासाठी मी अकरा वाक्यं जादा लिहूनही ठेवली होती. आठवडाभर मी आतून भरत गेले. सोमवारी यादी लागली. एलेना: नसीम. शेजारीण: मी.

हा प्रसंग कुजबुजत होणार नाही म्हणून मॅडमनी तो रविवारी गच्चीवर ठेवला. गच्चीवर घरमालकांचं सोयाबीन वाळत घातलेलं. "पाय पडला त मंग पाहून घेईन," असं ते आधीच बजावून गेले होते. मधे जी चार हात जागा मोकळी होती तेवढंच आमचं गाव आणि तेवढाच समुद्र. नसीम एक घमेलं घेऊन आली. त्यात ग्लास होते. अभ्यासिकेचे, चहावाल्याचे, आमच्या खोलीवरचे.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. टोपीवाला आला, बोलला. नसीमने त्याच्याकडे बघितलं, खाली बसली, एक ग्लास उलटा केला आणि बुडाकडे बघत म्हणाली, "मी पाद्रे वुएल्वे एल खुएवेस." दुसरा ग्लास उलटा केला. तेच वाक्य. तिसरा तिने उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले, काहीतरी वाचता येत नसल्यासारखे, आणि पुन्हा तेच. टोपीकडे तिने शेवटपर्यंत बघितलंच नाही. फुटली तर मुळीच नाही. ग्लासांच्या तीन ओळी लावून तिने टोपी चौथ्या ओळीत, ग्लासांच्या शेजारी ठेवली.

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला होता. टोपी आणणारा मुलगा आपलं पुढचं वाक्य विसरला. मी शेजारीण होते, मला "देवा रे" म्हणायचं होतं, तेही मी म्हटलं नाही. माझे बाबा, माझं घमेलं, माझे हात, माझी मान वळवायची तऱ्हा. जे गावाने चघळलं, ज्याची मला रोज लाज वाटत होती, ते तिने उचललं, मला न विचारता, आणि ते इतकं खरं करून दाखवलं की मी स्वतः तिथे रिठदला बसले असताना नव्हतं तेवढं. माझं दुःखसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं जमलं होतं. त्या दिवशी मला कळलं की हेवा करायला दुसऱ्याकडे आपल्यापेक्षा जास्त असावं लागतं असं नाही. आपलंच त्याच्या अंगावर शोभून दिसलं तरी पुरतं.

जिना उतरताना नसीमने मागून हात धरला. "कशी झाली?" मी म्हटलं, "ख चांगला होता." तिने हात सोडला.

पुढे तुरी येईपर्यंत आम्ही एकाच खोलीत राहिलो, पण बोलणं "स्टोव्ह बंद कर" आणि "दुधवाला आला" एवढंच. संक्रांतीच्या सुमाराला मॅडमच्या यजमानांची परत बदली झाली. त्या जाताना नसीमला एक जुनी डिक्शनरी देऊन गेल्या, मला पेन. नसीम पुण्याला एका कंपनीत लागली. स्पॅनिश लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम. मी बी.एड. केलं आणि मेडशीला आले. फोनवर तिचे फोटो दिसायचे. ऑफिसची काच, गळ्यात ओळखपत्र, कुठल्याशा टेकडीवर मैत्रिणींबरोबर. मी अंगठ्याने वर सरकवायचे. त्या नोकरीचा मला हेवा वाटला असं कोणाला वाटेल. तो तर वाटलाच, नाही कशाला म्हणू. पण तो दोन दिवसांत विरायचा. सोयाबीनचा भुसा उडायला लागला की जो उठायचा तो वेगळा.

कधी कधी वर्गात मुलांना धडा वाचायला लावते तेव्हा एखादी मुलगी काही न शिकवता असं वाचते की वर्ग गप्प होतो. मी तिला शाबासकी देते. आणि शेवटच्या बाकावरची जी मुलगी एकही शब्द न चुकता वाचते आणि जिच्याकडे कोणी वळून बघत नाही, तिच्याजवळ जाऊन उगीच दोन मिनिटं उभी राहते. तिला त्याचं काय वाटतं कोण जाणे.

या वर्षी सोयाबीन निघालं आणि त्याच आठवड्यात निरोप आला, नसीमचे अब्बा गेले. शाळेतून रजा घेतली आणि वाशिमवरून मंगरूळपीरची गाडी धरली. तिसरा दिवस होता. आतल्या खोलीत चादरी अंथरून बाया बसल्या होत्या आणि नसीम मधोमध रडत होती. मोकळी, मोठ्याने, "अब्बा, बोलो ना अब्बा, मेरेकू एक बार तो बोलते," असं म्हणत, कोणी बघतंय का याची फिकीर न करता. आणि मी, चपला काढता काढता, उंबऱ्यावरच जळाले. मयताच्या घरात, दुसऱ्याच्या बापाच्या तिसऱ्या दिवशी. मनात आलं, हिला हेही जमतं.

दुपारी बाया जेवायला उठल्या तेव्हा ती मला पुढे दुकानात घेऊन गेली. शटर अर्धं ओढलेलं होतं. कापसाच्या ढिगाला टेकून आम्ही बसलो.

"मले वाटलं तू नाही येत," ती म्हणाली.

"आली ना."

"सहा वर्सं तू मले धड बोलली नाही. त्या पार्टपायी ना?"

दुसरी कोणी असती तर नाही नाही म्हणाली असती. पण मी इतकी वर्षं ते वाक्य तोंडात धरून होते. मी म्हटलं, "पार्ट माया होता तो, नसीम."

"हाव," ती म्हणाली. "तुयाच होता."

मला वाटलं ती समजूत काढते आहे. पण तिने नाक पुसलं आणि सरळ सांगितलं. "मॅडमनं यादीत तुयंच नाव लेहलं होतं. इतवारी म्या त्याइच्या घरी गेली. म्हटलं, तिच्या बापाले जाऊन तीन महिने नाही झाले, तिले सगळ्या पोट्ट्याईसमोर हे बोलाले नका लावू. मले द्या. मॅडम नाहीच म्हणत होत्या. म्हणे, हे प्रज्ञाशिवाय कोणाले जमन? म्या लय हात जोडले."

"आन मंग मायंच करून कायले दाखवलं?"

"दुसरं येतच नव्हतं मले," ती म्हणाली. "घरात मरण झाल्यावर माणूस काय करते, ते म्या तवा एकदाच पाह्यलं होतं. तुयं पाह्यलं होतं. मले वाटलं, तुले समजन, का कोणीतरी पाह्यलं तुले."

यानंतर मला काय वाटलं ते खरं लिहायला हवं, नाहीतर इतकं सगळं लिहिण्याला अर्थ नाही. आधी बाबा आठवले नाहीत. नसीमची मायाही आधी दिसली नाही. आधी एवढंच ऐकू आलं, की मॅडमनी मला निवडलं होतं. प्रज्ञाशिवाय कोणाला जमेल, असं त्या म्हणाल्या होत्या. हिरव्या शाईत एक दिवस तरी माझं नाव एलेनाच्या पुढे होतं. आणि मग रिठदला नाही आलं, गच्चीवर नाही आलं, ते पाणी डोळ्यांतून धो धो वाहायला लागलं.

नसीमने मला ओढून जवळ घेतलं. "रड," ती म्हणाली. "लय दिवसाचं साचलं हाय." जिचा बाप जाऊन तीन दिवस झाले होते ती पोरगी मला थोपटत होती, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून आनंदाने रडत होते. बाबा त्यानंतर आले, बऱ्याच वेळाने.